‘नाते’ या रकान्यात काय लिहायचे?

शासकीय रुग्णालयाच्या केसपेपरवर एक लहानसा रकाना असतो. सोबत आलेल्या व्यक्तीचे नाव आणि त्यापुढे ‘रुग्णाशी नाते’. वडील, पत्नी, मुलगा, शेजारी असे काहीतरी लिहून आपण पुढे जातो. मी निवासी डॉक्टर होतो तेव्हा, म्हणजे १९९६-९७ च्या सुमारास, एका रात्री हा रकाना भरताना माझे पेन थांबले होते. रुग्ण तिशीतला, डोके फुटेल इतके दुखते म्हणून दाखल झालेला, मान ताठ, वजन जेमतेम चाळीस किलो. पाठीच्या कण्यातले पाणी काढून तपासले तर क्रिप्टोकॉकस बुरशीचा मेंदूज्वर निघाला आणि रक्तात एचआयव्ही. सोबत त्याच्याच वयाचा एक माणूस. “तुम्ही कोण त्यांचे?” असे विचारल्यावर क्षणभर गप्प राहून म्हणाला, “भाऊ लिहा, डॉक्टरसाहेब.” आडनावे वेगळी होती. “मावसभाऊ का?” “हो, तसंच लिहा.” मी ‘भाऊ’ लिहिले.

पुढचे सतरा दिवस हा भाऊ वॉर्डात होता. ॲम्फोटेरिसिनच्या कुप्या बाहेरच्या दुकानातून आणणे, सलाइनच्या बाटलीला उजेड लागू नये म्हणून काळा कार्बन पेपर गुंडाळणे, थंडी वाजून रुग्ण थडथड उडायला लागला की त्याचे दोन्ही हात धरून बसणे, हे सारे तोच करी. वॉर्डातल्या मामा-मावशींनी त्या खाटेकडे जाणे जवळजवळ बंद केले होते, त्यामुळे चादर बदलणे आणि अंग पुसणेही त्याच्याकडेच आले. रुग्ण गेला तेव्हा गावाहून सख्खे भाऊ आले. त्यांनी सह्या केल्या, मृतदेह ताब्यात घेतला. या माणसाला त्यांनी ओळख दाखवली नाही, गाडीत जागाही दिली नाही. त्याने माझ्याकडे फक्त चष्मा मागितला. मृताच्या वस्तू जवळच्या नातेवाइकालाच देता येतात, असे मी नियमावर बोट ठेवून सांगितले. खरे तर तो नियम मला नीट माहीतही नव्हता. दुपारपर्यंत तो वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून होता. मी तीनदा त्याच्यासमोरून गेलो.

तो मावसभाऊ नव्हता, हे समजायला मला आणखी काही वर्षे लागली.

येत्या २० नोव्हेंबरला जगात अनेक ठिकाणी पारलिंगी व्यक्तींचा स्मृतिदिन पाळला जाईल. १९९८ साली बोस्टनमध्ये रीटा हेस्टर या कृष्णवर्णीय पारलिंगी स्त्रीचा तिच्या घरात खून झाला, आणि पुढच्या वर्षापासून तिच्यासारख्या मारल्या गेलेल्यांची नावे मोठ्याने वाचण्याची प्रथा पडली. त्यानंतर अकराच दिवसांनी, १ डिसेंबरला, जागतिक एड्स दिन येतो. समलिंगी, उभयलिंगी आणि पारलिंगी समुदायाच्या दृष्टीने हे दिवस आपल्या गेलेल्या माणसांना आणि आपल्या बाजूने उभ्या राहिलेल्यांना आठवण्याचे असतात. याचा आरोग्याच्या सदराशी काय संबंध, असे काही वाचक विचारतील. कोण गेले, कशाने गेले आणि मागे कोण उरले, हे वैद्यकाचे पहिलेच प्रश्न आहेत. आणि या माणसांच्या बाबतीत त्यांची उत्तरे आमच्या कागदांवर मिळत नाहीत.

रुग्णालयात मृत्यू झाला की डॉक्टर ‘नमुना ४’ भरतो. त्यात मृत्यूचे तात्कालिक कारण, त्यामागचे कारण, त्याच्याही मागचे मूळ कारण अशी उतरंड असते. त्या रुग्णाच्या दाखल्यावर मी ‘मेंदूज्वर’ लिहून थांबलो. एचआयव्ही लिहू नका, गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही, असे भाऊ हात जोडून सांगत होते. असे दाखले मी एकच लिहिला नाही. आत्महत्यांच्या नोंदींचेही तेच. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात २०१४ पासून तृतीयपंथी व्यक्तींचा वेगळा रकाना आहे, ही चांगली गोष्ट. पण मनाविरुद्ध बोहल्यावर चढवलेला समलिंगी मुलगा फास घेतो तेव्हा तो ‘कौटुंबिक समस्या’ किंवा ‘विवाहविषयक’ या सदरात जातो, आणि हातात हात घालून विहिरीत उडी मारणाऱ्या दोन मुली ‘प्रेमप्रकरण’ होतात. मृत्यूच्या दाखल्यावर लैंगिक कल लिहावा, असे मी मुळीच म्हणत नाही. तसे केले तर मेलेल्या माणसाचे गुपित तलाठ्यापासून बँकेच्या कारकुनापर्यंत सगळे वाचतील. पण मग ही माणसे मोजणार कोण? त्यांचे मित्रच. म्हणून त्यांच्या स्मृतिसभेत वाचली जाणारी नावांची यादी ही पुष्कळदा एकमेव नोंदवही असते.

अमेरिकेत याची सुरुवात झाली ती याच गरजेतून. ५ जून १९८१ रोजी तिथल्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकात लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुण समलिंगी पुरुषांना झालेल्या एका दुर्मीळ न्यूमोनियाची छोटीशी टिपणी आली. छापून येईपर्यंत त्यातले दोघे गेले होते. पुढच्या चार-पाच वर्षांत सॅन फ्रान्सिस्कोच्या काही वस्त्यांतून माणसे इतक्या झपाट्याने गेली की उरलेल्यांना कोणाकोणाच्या अंत्यविधीला जायचे याचा मेळ बसेना. अनेक ठिकाणी अंत्यविधी करणारे व्यावसायिक देह घ्यायला नकार देत. नोव्हेंबर १९८५ मध्ये हार्वी मिल्क या खून झालेल्या समलिंगी लोकप्रतिनिधीच्या स्मरणार्थ मोर्चा निघाला, तेव्हा क्लीव्ह जोन्स या कार्यकर्त्याने लोकांना गेलेल्यांची नावे पुठ्ठ्यांवर लिहायला सांगितली आणि ते पुठ्ठे एका सरकारी इमारतीच्या भिंतीवर चिकटवले. लांबून पाहताना त्याला ती भिंत गोधडीसारखी दिसली.

त्यातून खरोखरच गोधडी शिवली गेली. प्रत्येक माणसासाठी तीन फूट रुंद, सहा फूट लांब असा एक तुकडा, म्हणजे साधारण थडग्याएवढा. ११ ऑक्टोबर १९८७ रोजी वॉशिंग्टनच्या मोठ्या मैदानावर ती पहिल्यांदा अंथरली तेव्हा १,९२० तुकडे होते. आज पन्नास हजारांच्या आसपास आहेत आणि त्यांवर एक लाखाहून अधिक नावे. कोणी गेलेल्याचा शर्ट शिवला आहे, कोणी जीन्सची पँट, कोणी खेळण्यातले अस्वल. काही तुकड्यांवर पूर्ण नाव नाही, कारण घरच्यांना ते नको होते. गेलेल्या आजीच्या लुगड्याची गोधडी पांघरून वाढलेल्या आपल्यासारख्यांना यातले मर्म समजावून सांगावे लागू नये. जुने कापड फेकायचे नाही, त्यात माणसाची ऊब असते, हे आपल्याकडे सुईदोरा हाती धरणारी प्रत्येक बाई जाणते.

या गोधडीपेक्षाही मला डॉक्टर म्हणून जास्त शिकवून गेला तो सॅन फ्रान्सिस्को जनरल या सार्वजनिक रुग्णालयातला ‘५ बी’ नावाचा वॉर्ड. जुलै १९८३ मध्ये क्लिफ मॉरिसन या परिचारकाच्या पुढाकाराने तो सुरू झाला. खाटा फक्त बारा, आणि तिथे काम करणाऱ्या परिचारिका-परिचारक स्वेच्छेने आलेले. तोवर इतर ठिकाणी एड्सच्या रुग्णांचे जेवणाचे ताट दाराबाहेर ठेवून माणसे पळत असत. या वॉर्डात परिचारिका रुग्णाच्या खाटेवर बसत, मोज्यांशिवाय हात हातात घेत. भेटीच्या वेळेचे बंधन त्यांनी काढून टाकले, आणि दुसरी गोष्ट मला त्याहून मोठी वाटते: आपले कुटुंब कोण, हे रुग्णाने सांगायचे असे ठरवले. औषध नव्हते तेव्हा त्या वॉर्डाने एवढेच केले. आमच्या वॉर्डात तो माणूस बाकावर बसला होता, त्याच्या तेरा-चौदा वर्षे आधीची ही गोष्ट.

आपल्याकडची सुरुवात एका मराठी आडनावाच्या डॉक्टरीणबाईंपासून होते. डॉ. सुनीती सॉलोमन या माहेरच्या गायतोंडे, चेन्नईत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातल्या. १९८६ साली मद्रास मेडिकल कॉलेजात त्यांनी आणि त्यांची विद्यार्थिनी निर्मला यांनी भारतातल्या पहिल्या एचआयव्हीबाधित व्यक्ती शोधल्या. ‘आपल्या देशात हे असले काही नाही’ या आत्मसंतुष्ट समजुतीला तडा गेला तो तिथे. पुढे सरकारी नोकरी सोडून त्यांनी वडिलांच्या नावाने संस्था काढली, आणि इतरत्र नाक मुरडून परत पाठवल्या जाणाऱ्या रुग्णांना तिथे दार उघडे राहिले. २०१५ मध्ये त्या गेल्या. पद्मश्री मिळाली ती मरणोत्तर.

गोव्याच्या डॉमनिक डिसोझा यांचे नाव आज किती जणांना आठवते? नियमित रक्तदान करणारा हा तरुण. त्याच्या रक्तात विषाणू सापडला म्हणून फेब्रुवारी १९८९ मध्ये पोलिसांनी त्याला उचलले आणि म्हापशाच्या जुन्या क्षयरुग्णालयात साठहून अधिक दिवस एकटे डांबून ठेवले. गुन्हा काही नाही. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात तशी तरतूदच होती. त्याच्या आईने, लुसी डिसोझा यांनी, मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. डॉमनिक सुटला, पण १९९० च्या निकालात न्यायालयाने अलगीकरणाची तरतूद कायम ठेवली. १९९२ मध्ये, बाधितांसाठी स्वतःची संघटना उभी करत असतानाच, तो गेला. पण तो खटला वाया गेला नाही. तो लढवणारे वकील आनंद ग्रोव्हर आणि त्यांची ‘लॉयर्स कलेक्टिव्ह’ ही संस्था पुढे नाझ फाउंडेशनच्या वतीने कलम ३७७ विरुद्ध उभी राहिली. २००९ मध्ये दिल्लीत जिंकलेले २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हातचे गेले, आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी ते कायमचे मिळाले. त्या निकालाच्या दिवशी पेढे वाटणाऱ्यांमध्ये म्हापशाची ती खोली आठवणारे थोडे असतील. त्याआधीही ‘एड्स भेदभाव विरोधी आंदोलन’ या दिल्लीतल्या गटाने १९९१ साली भारतातल्या समलिंगी जीवनावर पहिला नागरी अहवाल काढला होता. त्यातला सिद्धार्थ गौतम हा तरुण वकील पुढच्याच वर्षी, तिशीही न गाठता, कर्करोगाने गेला.

बाजूने उभे राहणाऱ्यांची परंपरा तर महाराष्ट्रात याहून जुनी आहे, आणि तिचा उगम एका आरोग्यविषयक मासिकातच आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी जुलै १९२७ पासून मरेपर्यंत, १९५३ पर्यंत, ‘समाजस्वास्थ्य’ चालवले. वाचक त्यात हस्तमैथुन, समलिंगी आकर्षण याविषयी प्रश्न विचारत, आणि कर्वे भीती न घालता, नरकाच्या गोष्टी न सांगता उत्तरे देत. त्या उत्तरांबद्दलच अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये तो लढायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिले म्हणजे ते अश्लील ठरत नाही, आणि लोक प्रश्न विचारतात तर जाणकाराने उत्तर द्यायचे नाही काय, अशा आशयाची त्यांची मांडणी होती. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. आज या दोघांचीही जयंती-पुण्यतिथी आपण पाळतो, पण त्यांच्या आयुष्यातले हे पान बहुधा उलटून पुढे जातो.

आणि प्रा. श्रीनिवास रामचंद्र सिरस. मराठीचे प्राध्यापक, मूळचे नागपूरकडचे. अलिगढ मुस्लिम विद्यापीठात त्यांनी वर्षानुवर्षे मराठी शिकवली. ‘पायाखालची हिरवळ’ या त्यांच्या कवितासंग्रहाला महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार मिळालेला. फेब्रुवारी २०१० मध्ये काही जण कॅमेरा घेऊन त्यांच्या राहत्या घरात घुसले, एका पुरुषासोबत असताना त्यांचे चित्रण केले, आणि विद्यापीठाने दुसऱ्याच दिवशी निलंबित केले ते सिरसांना. दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल तेव्हा लागू होता, म्हणजे कायद्याने तो गुन्हाही नव्हता. १ एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने आदेश दिला. ७ एप्रिलला ते भाड्याच्या खोलीत मृतावस्थेत सापडले. निवृत्तीला काही महिनेच राहिले होते. मृत्यू नेमका कसा झाला, हे शेवटपर्यंत निर्विवाद ठरले नाही. त्यांच्यावर हिंदीत चित्रपट निघाला, मनोज वाजपेयींनी त्यांची भूमिका केली, आणि देशाला ते कळले. पण ते आधी आपले होते. मराठी कवी म्हणून त्यांची आठवण काढायला आपल्याला कोणाची परवानगी लागत नाही.

आम्हा डॉक्टरांना या स्मरणात मान खाली घालून उभे राहावे लागते. समलिंगी कल हा आजार आहे, असे वैद्यकानेच सांगितले होते. १९७२ साली अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या परिषदेत डॉ. जॉन फ्रायर मुखवटा चढवून आणि आवाज बदलून व्यासपीठावर आले आणि मी समलिंगी आहे, मी मनोविकारतज्ज्ञ आहे, असे म्हणाले. स्वतःच्या नावाने बोलले असते तर नोकरी गेली असती, आधी एकदा गेलीही होती. पुढच्या वर्षी तिथल्या संघटनेने हा ‘आजार’ यादीतून काढला. जागतिक आरोग्य संघटनेने काढला तो १९९० मध्ये. पण आम्ही न्यायवैद्यक शिकलो ते त्यानंतरही ‘लैंगिक विकृती’ या प्रकरणातूनच. अगदी २०२४ च्या ऑगस्टअखेरीस राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाच्या नव्या अभ्यासक्रमात समलिंगी संबंध पुन्हा अनैसर्गिक गुन्ह्यांच्या यादीत आले होते. ओरड झाल्यावर आठवड्याभरात तो मागे घेतला गेला. सवय किती चिवट असते, ते यावरून कळते.

आता मागे उरलेल्या माणसाकडे येतो. १९६९ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये साडेचार हजारांच्या आसपास विधुरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पत्नी गेल्यानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत त्यांचा मृत्युदर अपेक्षेपेक्षा ४० टक्क्यांनी जास्त होता, आणि त्यात हृदयविकाराचा वाटा मोठा होता. दुःख शरीराला होते, हे काही काव्य नाही. झोप उडते, रक्तदाब चढतो, औषधे चुकतात, दारू वाढते. आपल्या समाजाने यावर आपल्या परीने तोड काढलेली आहे. शेजारी पिठलं-भात आणून देतात, माणसे समाचाराला येतात, दहावा-तेरावा होतो, कार्यालय रजा देते. दुःखी माणसाला तेरा दिवस एकटे सोडायचे नाही, एवढाच त्याचा आरोग्यशास्त्रीय अर्थ मी लावतो. ज्याचा वीस वर्षांचा जोडीदार गेला, पण जगाच्या लेखी फक्त ‘रूममेट’ गेला, त्याला यातले काही मिळत नाही. तो दुसऱ्या दिवशी कामावर जातो. केनेथ डोका या अमेरिकी अभ्यासकाने १९८९ मध्ये अशा शोकाला नाव दिले. मराठीत त्याला ‘हक्क नाकारलेला शोक’ म्हणता येईल. माझ्या बाह्यरुग्ण विभागात असा माणूस येतो तो छातीत धडधडते, भूक लागत नाही, असे सांगत. ईसीजी नॉर्मल येतो. घरी कोणी गेले का, असे विचारले तर तो ‘नाही’ म्हणतो. खोटे बोलत नाही बिचारा, त्याला तसे म्हणायला शिकवलेले असते.

इथे सरकारने एक पाऊल टाकलेले आहे आणि ते लोकांना माहीत हवे. समलिंगी विवाहावरच्या ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने विवाहाचा हक्क दिला नाही, पण या जोडप्यांच्या रोजच्या अडचणी पाहायला सरकारला सांगितले. त्यानंतर ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सर्व राज्यांना पत्र पाठवले. त्यात जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तर जोडीदाराला मृतदेह ताब्यात घेता यावा, अशी तरतूद करण्यास सांगितले आहे. संयुक्त बँक खाते आणि नामनिर्देशन यांनाही आडकाठी नाही, हे त्याच महिन्यात स्पष्ट झाले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार तर कोणताही सज्ञान माणूस आपला ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ नेमू शकतो, तो नातेवाईक असण्याची गरज नाही.

पण मंत्रालयाचे पत्र आणि शवागाराची खिडकी यांत फार अंतर असते. रात्री दोन वाजता तिथे बसलेल्या कर्मचाऱ्याला हे पत्र कोणी वाचून दाखवलेले नसते. ‘नातेवाईक उपलब्ध नसतील तर’ हे शब्दही तोकडे आहेत. वर्षानुवर्षे न बोललेला भाऊ हजर झाला की जोडीदाराचा हक्क तिथेच संपतो. रुग्णाने जिवंतपणी लेखी सांगितलेल्या माणसाला आधी मान मिळावा, एवढी सुधारणा राज्याने आपल्या आदेशात करायला हरकत नाही. त्यासाठी खर्च शून्य आहे. असा आदेश प्रत्येक शासकीय रुग्णालयाच्या अपघात विभागात आणि शवागारात मराठीत लावला जावा, ही माझी मागणी आहे.

आजचा काळ माझ्या निवासी डॉक्टरकीच्या काळाहून पुष्कळ बरा आहे. १ एप्रिल २००४ पासून काही शासकीय रुग्णालयांत एचआयव्हीची औषधे मोफत मिळू लागली. त्यातले एक मुंबईचे जे. जे. होते. आज वेळेवर गोळ्या घेणारा माणूस म्हातारा होतो, त्याला मधुमेह होतो, तो गुडघ्यांची तक्रार करतो. त्या रुग्णाला आणखी सात-आठ वर्षे तग धरता आली असती तर तोही कदाचित माझ्याकडे गुडघे दाखवायला आला असता.

हे वाचताना कोणाला आपले माणूस आठवले असेल आणि बोलायला कोणी नसेल, तर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येते. एचआयव्हीविषयी माहितीसाठी १०९७.

आमच्या वॉर्डात गेली काही वर्षे ‘नाते’ हा रकाना आम्ही शक्यतो रुग्णालाच विचारून भरतो. ‘मित्र’ म्हणाला तर मित्र लिहितो, ‘जोडीदार’ म्हणाला तर जोडीदार, आणि फोन नंबर त्याचाच घेतो. रुग्णाच्या वस्तूंची यादी सिस्टर दाखल करतानाच करतात. घड्याळ, मोबाइल, चष्मा. कोणती वस्तू कोणाला द्यायची, तेही त्याच वेळी पुढे लिहून घेतात, खाली रुग्णाची सही.